नाव यादीत, माणूस मुंबईत: दातांवरच्या प्लाकची खानेसुमारी

खाडीकाठ
भाचीने घरबसल्या तोंडातले जिवाणू तपासायचं किट मागवलं. कंपनीचं नाव नको. कापसाची काडी दातांवरून फिरवायची, नळीत बुडवायची, कुरियर करायची. महिन्याने बारा पानी अहवाल आला आणि पोरगी रडकुंडीला. 'मामा, माझ्या तोंडात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस आहे, हिरड्या सडवणारा.' तिच्या हिरड्या मी टॉर्च लावून पाहिल्या. गुलाबी, घट्ट.

माझं म्हणणं असं की हा अहवाल म्हणजे नुसती मतदारयादी. आमच्या वाडीत यादीवर नावं चिकार, पण निम्म्या घरांना कुलूप. मंडळी मुंबईला, थेट गणपतीला उगवणार. डीएनए मोजणं तसंच आहे. त्यात मेलेला जिवाणूही धरला जातो. गाव चालतंय का हे बघायचं तर चूल कोणाची पेटलीय ते बघा. म्हणजे आरएनए बघा. जिवाणू एखादा जीन कामाला लावतो तेव्हा त्याची आरएनए नक्कल काढतो. त्या नकला वाचल्या की कोण काय करतोय ते कळतं.

2014 साली 'एमबायो' नियतकालिकात हिरड्यांच्या आजारावर असं काम आलं होतं. माणसागणिक जिवाणूंची वस्ती वेगळी निघाली, पण आजारी जागी त्यांचे चयापचयाचे जीन बऱ्यापैकी एकाच तऱ्हेने चालत होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फोर्साइथ संस्थेच्या कामात दिसलं, की उपद्रवाचे जीन चालवण्यात नेहमीचे बदनाम तिघंच (जिंजिव्हॅलिस नि त्याचे दोन साथीदार) नव्हते, ज्यांना आपण साधे समजतो तेही होते. मग नुसत्या नावांची यादी विकून पोरीबाळींना घाबरवायचं कशाला? यापुढे तपासणी हवी तर जीन काय करतायत त्याची हवी.

दाढदुखी
मी दंतवैद्य, दवाखाना तालुक्याच्या गावी. यादीबद्दल पटलं. पुढचं अजिबात नाही.

माझ्याकडे रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातून माणूस येतो तो तोंडाला फडकं बांधून, तीन रात्री झोप नसलेला. त्याच्या प्लाकमधले, म्हणजे दातांवरच्या चिकट थरातल्या जिवाणूंचे, जीन वाचून मी काय करू? हिरडी आणि दाताच्या मधल्या फटीत खुणांची बोथट सळई घालते. तीन मिलिमीटरपर्यंत गेली तर ठीक, सहा गेली आणि रक्त आलं तर आजार. सळईला वीज लागत नाही.

फणसगरा
आमच्या आजयेन उभ्या जल्मात ब्रश हातात धरूक नाय. राखुंडी नि शिरोड्याचा मीठ, बस. म्हातारपणी सुपारी दातान फोडी. तुमचे जीन नि बीन ऱ्हवांदेत थंयच.

दाढदुखी
@फणसगरा, आजीला नमस्कार, पण राखेने दात झिजतात. आणि मीठ म्हणाल तर जिवाणू पहिल्यांदा पाहणारा डच भिंगवाला लेव्हेनहूकही रोज सकाळी मिठानेच दात घासायचा. तरी 1683 मध्ये त्याने स्वतःच्याच दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसलेच. तुमच्या आजीच्या घरात साखर किती वेळा यायची ते आठवा, पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवायचा काळ तो. आणि त्याच पिढीतल्या बायका मशेरी लावतात, ती तंबाखू आहे, तिचं कौतुक इथे कोणी सुरू करू नका.

कातळसडा
सूक्ष्मजीवशास्त्र शिकलोय, म्हणून मध्ये पडतो. मला खाडीकाठ यांचा चुलीचा दाखलाच खुपतो.

एक तर जिवाणूची संदेशवाहक आरएनए काही मिनिटांत तुटते. नमुना घेतल्याबरोबर तो टिकवणाऱ्या द्रावात बुडवला नाही तर दातावरचा नव्हे, नळीतला गोंधळ वाचला जातो. पुढे उणे 80 अंशाचं फ्रीझर लागतं. आमच्याकडे जूनमध्ये पहिल्या वाऱ्याला दोन दिवस लाइट जाते. शिवाय हाती आलेल्या आरएनएत बहुतेक माल रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, तो उपसून टाकल्यावर कामाचं चिमूटभर उरतं.

दुसरं, धूर दिसला म्हणजे चूल पेटली एवढंच कळतं. वर पेज आहे की तिखलं, ते कळत नाही. नक्कल निघाली म्हणून प्रथिन बनलंच असं नाही, बनलं तरी आम्ल किती सुटलं हे वेगळंच मोजावं लागतं.

आणि तिसरं. तुम्ही गणपतीत येऊन फोटो काढणार नि म्हणणार, गाव भरलेलं आहे. नमुना जेवणाआधीचा की नंतरचा, यावर सगळं फिरतं.

खाडीकाठ
तिसरा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे हो! जेवणाने फिरतं म्हणूनच तर बघायचं. साखर पोचली की काही मिनिटांत प्लाकचा पीएच 5.5 च्या खाली उतरतो, दाताचं एनॅमल विरघळायला लागतं, पूर्ववत व्हायला अर्धा-एक तास. तोवर स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स साखरेपासून चिकट ग्लुकॅन विणतो, त्याचे जीटीएफ जीन ठाऊक आहेत. शेजारी स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनीसारखे आर्जिनिनपासून अमोनिया काढून आम्ल मारतात, व्हिलोनेला तर लॅक्टिक आम्ल खाऊनच जगतो. म्युटन्स 1924 पासून माहीत आहे, पण तो असून कीड नाही आणि तो नसून कीड आहे, अशी दोन्ही तोंडं सापडतात. मग यादीवर भागतं कसं?

पहिला मुद्दा मान्य. कुरियरने जमणारं काम नाही हे. तपासणी जीनच्या कामाची हवी असं मी वर लिहिलंय ते मागे घेतो, संशोधनाची दिशा मात्र तीच हवी.

दाढदुखी
मागे घेतलंत ते बरं केलंत. पण तुम्ही दोन आजार एकाच टोपात शिजवताय. साखर, म्युटन्स, आम्ल हे किडीचं. भाचीच्या अहवालातला जिंजिव्हॅलिस साखरेकडे ढुंकून बघत नाही. तो प्रथिनं फोडून खातो आणि त्याला रक्तातलं लोह लागतं. हिरडी सुजून रक्त यायला लागलं की त्याची चंगळ. आता सांगा, जीन चालू झाले म्हणून हिरडी सुजली, की हिरडी सुजली म्हणून जीन चालू झाले?

कातळसडा
हेच विचारणार होतो. एकदाच घेतलेल्या नमुन्यातून याचं उत्तर निघत नाही. त्याच माणसाची तीच जागा महिनोन्‌महिने बघायला हवी.

खाडीकाठ
मग बघा की. तेच तर म्हणतोय.

फणसगरा
बघतलो कोण? नि पैसे कोण देतलो?

दाढदुखी
अहो, भाचीचं आधी बघू. घासताना रक्त येतं का?

खाडीकाठ
नाही. विचारलं मी.

दाढदुखी
मग जिंजिव्हॅलिसला झोपू दे. गोड काय आणि कधी खाते?

खाडीकाठ
देवगडहून आंबापोळी येते. रात्री अभ्यास करताना बशी शेजारी, तुकडा तुकडा तोडून.

दाढदुखी
दाताला चिकटणारी, आंबट नि गोड दोन्ही. किती वेळ चालतं हे?

खाडीकाठ
अकरापर्यंत. ब्रश ती साडेनऊलाच करून बसते.