सर्व्हिसिंगला दिलेली गाडी वर्कशॉपबाहेरून चोरीला गेली. किल्लीही त्यांच्याच ताब्यात होती

खडकवासलेकर (प्रश्न)

नमस्कार. थोडे लांबलचक लिहीत आहे, कारण या प्रकरणात दिवस आणि वेळा महत्त्वाच्या आहेत असे मला वाटते. विक्रेत्याचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

माझी सव्वातीन वर्षांची पेट्रोल गाडी मी एका शुक्रवारी सकाळी साडेनऊला पुण्याच्या बाह्यवळण महामार्गाजवळील अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये वार्षिक सर्व्हिसिंगसाठी दिली. सर्व्हिस ॲडव्हायझरने गाडीभोवती फिरून ओरखडे टिपले, किलोमीटर आणि पेट्रोलची पातळी नोंदवली, जॉबकार्डावर माझी सही घेतली आणि किल्ली ठेवून घेतली. एक सुटा भाग यायचा असल्याने गाडी त्या दिवशी मिळाली नाही. शनिवारी संध्याकाळी सांगण्यात आले की काम झाले आहे, धुलाई तेवढी राहिली आहे, उद्या साप्ताहिक सुट्टी, तेव्हा सोमवारी गाडी न्या.

रविवारी सकाळी फोनवर फास्टॅगचा संदेश दिसला. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी खेड शिवापूरच्या नाक्यावर माझ्या गाडीचा टोल कापला गेला होता. गाडी वर्कशॉपमध्ये आहे म्हटल्यावर आधी वाटले की टॅग चुकून वाचला गेला असावा. मग वाटले की कोणी कर्मचारी गाडी घेऊन गावी गेला असावा, आणि त्याचाच मला संताप आला. चोरीचा विचार मनाला शिवलाही नाही. वर्कशॉपचा फोन वाजत राहिला, ॲडव्हायझरचा बंद होता. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर सगळा प्रकार सांगितला, तर तक्रार क्रमांक देऊन ‘कामकाजाच्या ४८ तासांत संपर्क साधला जाईल’ असे उत्तर मिळाले. त्याच वेळी सरळ ११२ ला फोन करायला हवा होता, ही चूक माझी आहे आणि ती मला रोज टोचते.

सोमवारी अकरा वाजता व्यवस्थापकांनी गाडी ट्रायलला गेली आहे असे सांगितले. साडेबारा वाजता तेच म्हणाले की आवारात जागा नसल्याने शनिवारी रात्री पाच-सहा गाड्या फाटकाबाहेर सेवारस्त्यावर लावल्या होत्या आणि त्यांतली माझी दिसत नाही. किल्ली कुठे आहे असे विचारल्यावर त्यांनी स्वागतकक्षाच्या मागच्या भिंतीवरचा खिळ्यांचा उघडा बोर्ड दाखवला. त्यावर माझ्या जॉबकार्डाच्या क्रमांकाची चिठ्ठी होती, किल्ली नव्हती. दोन फाटकांना मिळून रखवालदार एक.

त्यानंतर पोलिसांत कोणी जायचे यावर दीड दिवस गेला. वर्कशॉप म्हणे, गाडी मालकाची, फिर्याद मालकाने द्यावी; ठाण्यात म्हणत, गाडी ज्यांच्या ताब्यातून गेली त्यांनी यावे. अखेर मंगळवारी संध्याकाळी माझ्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदला गेला. बुधवारी कंपनीचा संदेश आला: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’ गुरुवारी सर्व्हिसिंगबद्दल १० पैकी किती गुण द्याल असे विचारणारा फोन आला. गाडी चोरीला गेल्याचे सांगितल्यावर पलीकडून दिलगिरी व्यक्त झाली आणि लगेच विनंतीही झाली की शक्य असल्यास १० द्या, कमी गुण पडले तर वर्कशॉपला त्रास होतो.

आता विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागत आहे आणि माझ्याकडे एकच आहे. विक्रेता जॉबकार्डाच्या मागची बारीक छपाई दाखवतो: ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर ठेवली जातात.’ शिवाय ‘माझी काहीही तक्रार नाही’ असे लिहून दिल्यास नव्या गाडीवर २५,००० रुपये सूट देऊ म्हणतो. कर्जाचे चौदा हप्ते बाकी आहेत. ती छापील ओळ खरोखर लागू पडते का? आणि आधी विमा कंपनीकडे जावे की ग्राहक आयोगाकडे?


काळा डगला

ते पत्र लिहून देऊ नका. बाकी सगळे त्यानंतर.

आपण दुरुस्तीसाठी गाडी दिलीत आणि त्यांनी ती किल्लीसह ताब्यात घेतली, म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तो निक्षेप (काम झाल्यावर परत करण्याच्या बोलीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे) झाला. कलम १५१ प्रमाणे, सामान्य समजेचा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी काळजी त्यांनी आपल्या गाडीची घेणे बंधनकारक आहे. ती घेतल्यावरही वस्तू हरवली तर कलम १५२ त्यांना वाचवते. पण काळजी घेतली होती हे त्यांना दाखवावे लागते. कोणता शहाणा माणूस स्वतःची गाडी रात्रभर रस्त्यावर ठेवून तिची किल्ली उघड्या खिळ्याला टांगेल?

छापील ओळीविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा निकाल वाचावा. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ मध्ये एका पाहुण्याने मारुती झेन गाडी किल्लीसह हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगसाठी दिली होती. दुसऱ्याच कोणीतरी किल्ली उचलून गाडी पळवली. पार्किंगच्या पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असेच छापलेले होते. न्यायालयाने म्हटले की गाडी ताब्यात घेतल्यावर ती परत का करता आली नाही याचा खुलासा आधी हॉटेलने करायचा आहे आणि स्वतःच्या निष्काळजीपणावर अशा ओळीचे पांघरूण घालता येणार नाही. पार्किंगची सेवा फुकट होती हा बचावही चालला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण सर्व्हिसिंगचे पॅकेज आधी घेतलेले असेल तर विक्रेता ‘त्या दिवशी पैसे कुठे घेतले’ असे म्हणू शकतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आयोगाची पातळी आणि शुल्क हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते, त्यामुळे आपल्याला जिल्हा आयोग पुरेसा आहे आणि शुल्कही पडणार नाही. त्याआधी रीतसर नोटीस पाठवा.

पोलिसांनी केलेली चालढकल आता संपली आहे, पण इतरांसाठी लिहितो: चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणीही देऊ शकतो आणि गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे.


पाना-पक्कड

अशाच वर्कशॉपांत मी अठरा वर्षे काढली, शेवटची सहा वर्षे कामाचा फ्लोअर सांभाळत. कायद्याचे वरच्यांनी लिहिले आहे. मी आतले सांगतो.

वर्कशॉपमध्ये गाडीपेक्षा किल्ली सांभाळणे अवघड असते. दिवसभरात एक किल्ली ॲडव्हायझर, मेकॅनिक, ट्रायल घेणारा, धुलाईवाला आणि डिलिव्हरी देणारा अशा पाच-सहा हातांतून फिरते. म्हणून शिस्तीच्या ठिकाणी संध्याकाळी किल्ल्या मोजून कुलपाच्या कपाटात ठेवतात, वहीत आकडा लिहितात आणि रखवालदाराला आवारातल्या गाड्यांची यादी सहीनिशी देतात. गाडी फाटकाबाहेर काढायची तर गेटपास फाडावा लागतो. आपली गाडी सेवारस्त्यावर लावण्यासाठी फाटकातून बाहेर गेली, म्हणजे एक तर गेटपास आणि गेटवहीतली नोंद आहे, किंवा नोंद न करताच गाड्या बाहेर काढण्याची तिथे सवय आहे. दोन्ही गोष्टी आपल्याच उपयोगाच्या आहेत.

तेव्हा पत्र लिहून या वस्तूंची नावे घेऊनच प्रती मागा: जॉबकार्ड, शुक्रवार ते सोमवारची गेटवही, किल्ल्यांची वही, रखवालदाराची हजेरी आणि त्या रात्री बाहेर लावलेल्या गाड्यांची यादी. व्यवस्थापकांनी ‘ट्रायलला गेली आहे’ असे सांगितले ना? मग ट्रायलची नोंदही मागा. कागद देणार नाहीतच, पण मागितल्याचा पुरावा राहतो.

सगळ्यांत घाई कॅमेऱ्यांची करा. चित्रीकरण साठवणारे यंत्र जागा भरली की जुने पुसून त्यावरच नवे साठवते, आणि पुष्कळ ठिकाणी ही मुदत पंधरा दिवस ते महिनाभर असते. आज पत्र द्या, पोहोच घ्या आणि तपास अधिकाऱ्यांनाही यंत्र ताब्यात घेण्याची लेखी विनंती करा. समोरच्या पेट्रोलपंपाचे आणि दुकानांचे कॅमेरेही विसरू नका. चोराचा चेहरा बहुधा तिथेच सापडतो, वर्कशॉपचा कॅमेरा नेमका त्याच रात्री ‘बंद’ असतो.

एक कटू गोष्टही लिहितो. मूळ किल्लीने गाडी गेली म्हणजे काच फुटली नाही, इमोबिलायझरने (मूळ किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेने) अडवले नाही. बोर्डावरच्या तीस किल्ल्यांतून कोणती किल्ली बाहेर उभ्या असलेल्या गाडीची, हे ज्याला कळले तो अगदीच परका नसावा. आरोप करू नका, पण कंत्राटी धुलाईवाले आणि रखवालदार यांच्या नेमणुकीचे कागद तपासावेत, असे जबाबात जरूर नोंदवा.


दाव्यांचा माणूस

मी विमा दाव्यांच्या तपासणीचे काम करतो. दोन किल्ल्या मागण्यामागचा संशय असा असतो की मालकाने किल्ली गाडीतच ठेवली होती किंवा गाडी स्वतःच कोणाला दिली होती. त्यामुळे उत्तरात ‘एक किल्ली हरवली’ हे शब्द चुकूनही लिहू नका. ‘एक किल्ली अमुक तारखेला अमुक जॉबकार्डान्वये वर्कशॉपच्या ताब्यात दिली, ती त्यांनी परत केलेली नाही’ असे लिहा आणि जॉबकार्डाची प्रत जोडा. आपल्याकडची किल्ली देताना तिचे छायाचित्र काढा आणि पोहोच घेतल्याशिवाय ती हातावेगळी करू नका.

आपण विमा कंपनीला कधी कळवले ते लिहिलेले नाही. गुन्हा वेळेवर नोंदलेला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून चोरीचा दावा नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा जानेवारी २०२० चा निकाल आहे. कधी कधी कंपनी ‘वाजवी काळजी घेतली नाही’ म्हणून ७५ टक्क्यांवर तडजोड सुचवते. अधिकृत वर्कशॉपमध्ये पावती घेऊन गाडी देणे हा काळजीचा अभाव कसा होईल, असे उलट विचारा आणि ती तडजोड स्वीकारू नका.

पोलिसांना तपास लागला नाही तर त्यांचा ‘अ समरी’ अहवाल न्यायालयात जातो, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. बहुतेक कंपन्या त्याची प्रत मागतात आणि तिथे महिने जातात. तोवर बँकेला लेखी कळवून हप्ते चालू ठेवा. दाव्याची रक्कम आधी कर्जात वळती होईल. आरटीओलाही गुन्ह्याची प्रत द्या, म्हणजे गाडीच्या नोंदीवर चोरीची खूण पडेल आणि ती परस्पर कोणाच्या नावावर होणार नाही.

आधी कुठे जावे? दावा आणि नोटीस दोन्ही एकदम. विम्याची रक्कम मिळाली म्हणून विक्रेता सुटत नाही. वर उल्लेखिलेल्या ताजच्या प्रकरणातही विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि मग मालकाबरोबर स्वतः हॉटेलविरुद्ध तक्रार केली. विमा कंपनीने दावा नाकारला तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे वकील आणि शुल्क दोन्ही लागत नाहीत, मात्र त्याच वादावर विमा कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार चालू असेल तर लोकपाल ती घेत नाहीत.


चिंचवडचा चाकरमानी

विक्रेत्यापेक्षा गाडी बनवणाऱ्या कंपनीलाच पहिले प्रतिवादी करा. नाव तिचे, पाटी तिची, तक्रार बंद केली तीही तिनेच.


काळा डगला

भावना समजते, पण तिथे घसरायला होते. कंपनी आणि विक्रेता यांचे करार बहुधा ‘दोन स्वतंत्र व्यापारी’ या पायावर असतात. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ ची वापरलेली गाडी दिली गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळे केले, कारण विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाले नव्हते.

इथे मात्र एक धागा वेगळा आहे. रविवारी सकाळी, गाडी जाऊन काही तासच झाले असताना, कंपनीच्या स्वतःच्या सेवा केंद्राला टोलची वेळ आणि जागा सांगण्यात आली होती. चोरीची जबाबदारी विक्रेत्यावरच ठेवावी. कंपनीला जोडायचेच असेल तर फक्त या दुर्लक्षापुरते आणि खोट्या ‘निकाली’ संदेशापुरते जोडावे. कॉलची नोंद आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवण्याविषयी त्यांना आजच ई-मेल करा.


खडकवासलेकर

सर्वांचे मनापासून आभार. विमा कंपनीला मी मंगळवारी रात्रीच ई-मेल केला होता, ते लिहायचे राहिले.

पाना-पक्कड यांच्या सांगण्याप्रमाणे कागदांची नावे घालून पत्र दिले. व्यवस्थापकांनी पोहोच द्यायला नकार दिला, म्हणून तेच पत्र स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: ‘सदर वाहनाची किल्ली आमच्याकडे शोधली असता आढळून येत नाही.’ ते त्यांनी झटकून टाकण्यासाठी लिहिले असावे, पण किल्ली त्यांच्याकडे होती हे आता त्यांच्याच कागदावर आले आहे. त्याची प्रत विमा कंपनीला आणि तपास अधिकाऱ्यांना दिली.

पोलिसांनी चित्रीकरणाचे यंत्र नेले आहे. फास्टॅगच्या बँकेकडून व्यवहारांचा तपशीलही मिळाला. त्यात खेड शिवापूरनंतर पुढच्या आनेवाडी नाक्याची नोंद नाही. म्हणजे गाडी मध्येच कुठेतरी महामार्ग सोडून वळली किंवा टॅग काढून टाकला गेला. खेड शिवापूर नाक्यावरील त्या मार्गिकेचे चित्रीकरण तपास अधिकाऱ्यांनी मागवले आहे आणि उद्या अकरा वाजता मला पुरवणी जबाबासाठी बोलावले आहे. सूट देणारे ते पत्र कोरेच ठेवले आहे. तेही सोबत नेतो.