स्कूटर हवी, पण डबा घासायला नको

ऐरोलीची आई:
लेक दहावीत, वय 15. क्लास कोपरखैरण्याला. ऐरोलीहून रबाळे, घणसोली, की आलंच स्टेशन. तरी रोज टुमणं, "सगळे स्कूटरने येतात, मलाही घ्या." आणि हाच पठ्ठ्या शुक्रवारचा डबा सोमवारी दप्तरातून काढतो. भेंडीवर पांढरी लव! नाक दाबून मीच घासते. घासू नये हे कळतं हो, पण वास सहन होत नाही.

ठाणेकर बाबा:
स्कूटरचा विषय आजच मिटवा. 16 पूर्ण झाल्यावरही लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. बाकीला 18 लागतात. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलगा गाडीवर सापडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड, 3 वर्षांपर्यंत कैद. मुलाला हे कलम स्वतः वाचायला लावा.

घणसोलीची मावशी:
डबा त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवा, झाकण उघडून. बोलू नका. माझ्या मुलीकडे ट्रेनचा पास काढायचं काम दिलं होतं. दोनदा विसरली, तिकिटाच्या रांगेत उभी राहिली, क्लासला उशीर झाला. मीही आतून कासावीस, पण आठवण नाही केली. आता तारीख कपाटाच्या दारावर लिहिते.

ऐरोलीची आई:
मावशी, ठेवला. रात्री अकराला मोरीत खडखडाट. झाकणाची रिंग तशीच तेलकट, लिक्विड मात्र अर्धी बाटली गायब. मी झोपेचं सोंग घेतलं.