मदत हवी आहे: द्राक्षाची ऑन्टॉलॉजी डाळिंबाला कशी वापरू?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.चा प्रकल्प आहे. एका सीनिअरने द्राक्षरोगांची आउल ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी 'आउल' भाषेत मांडलेली फाइल) करून ठेवली आहे. नाशिककडच्या बागांना सल्ला देणारं ॲप तिच्यावर छान चालतं. मला तेच सोलापूरच्या डाळिंबासाठी करायचंय. गाइड म्हणाले, नव्याने कशाला, आहे ते वापर. रोग, लक्षण, फवारणी, हवामान दोन्हीकडे आहेच, म्हणून अख्खी फाइल इम्पोर्ट करून खाली डाळिंब जोडलं.

पहिली अडचण डाळिंबावरच्या तेल्या रोगाची. तो जिवाणूजन्य. जुन्या फाइलीत मात्र 'रोग' या क्लासवरच (वर्गावरच) 'कारण फक्त बुरशी' अशी अट आहे, कारण तिथे केवडा, भुरी आणि करपा एवढेच होते. शिवाय बुरशी आणि जिवाणू डिसजॉइंट, म्हणजे एकच गोष्ट दोन्ही असू शकत नाही. प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी एडिटरमध्ये हर्मिट हा रीझनर (अटींवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) चालवला की तेल्या लाल, म्हणजे विसंगत!

दुसरी जास्त छळतेय. 'छाटणीनंतरचे दिवस' या प्रॉपर्टीचं (गुणधर्माचं) डोमेन, म्हणजे ती ज्याची असते तो वर्ग, 'द्राक्षबाग' आहे. तीच डाळिंबाच्या बागेला लावली. एरर येईल वाटलं होतं, पण कसलं काय! रीझनरने ती बाग मुकाट द्राक्षबाग ठरवली आणि ॲप तिला केवड्याची फवारणी सांगू लागलं.

या अटी माझ्या फाइलीतून रद्द करता येतात का? की कॉपी करून वेगळीच करू? मग प्रत्येक दुरुस्ती दोनदा. की सरळ ॲग्रोव्होक हा शेतीचा तयार शब्दसंग्रह घेऊ?

प्रतिसाद १

रद्द नाही होणार. आउलमध्ये नवं विधान फक्त भर घालतं, जावासारखं ओव्हरराइड इथे नाही. डोमेन हीसुद्धा तपासणी नसते, त्यावरून रीझनर निष्कर्ष काढतो. तपासणी हवी असेल तर शॅकल ही डेटा तपासायची भाषा वापर.

कॉपी नको. तीन फाइली कर: सामाईक, द्राक्ष, डाळिंब. बुरशीची अट काढूनच टाक. द्राक्षातही जिवाणूजन्य करपा येतो, म्हणजे ती तिथेही चुकीचीच होती. छाटणीच्या जागी सामाईक फाइलीत 'हंगाम सुरू करणारी घटना' ठेव. द्राक्षात ती छाटणी, डाळिंबात ताण (बागेचं पाणी बंद ठेवणं) तोडून दिलेलं पहिलं पाणी, मग बहार मृग असो, हस्त असो की आंबे.

ॲग्रोव्होक हा एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा) शब्दसंग्रह आहे, स्कॉस या शब्दसंग्रहांच्या मानकातला. त्यातलं 'ब्रॉडर' (अधिक व्यापक संज्ञा) म्हणजे सबक्लास (उपवर्ग) नव्हे. नावं जुळवायला घे, वर्गीकरणाला नको. पान, फांदी, फळ यांच्यासाठी प्लांट ऑन्टॉलॉजी आहे, पण अख्खी ओढू नकोस. रोबॉट टूलने लागतील तेवढ्या संज्ञांचं मॉड्यूल काढ. सेन्सरच्या नोंदींना डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानक संस्थेची सोसा ऑन्टॉलॉजी.

धागाकर्ता

आभारी आहे, दादा! 'रोग' आता सामाईक फाइलीत जाईल. त्याचा आयआरआय (वेबसारखा एकमेव ओळखपत्ता) बदलू का? जुनं ॲप त्यावरच चालतंय.

प्रतिसाद १

अर्थ तोच असेल तर आयआरआय तोच ठेव, फाइल कुठलीही असो. 'छाटणीनंतरचे दिवस'चा अर्थ बदलतोय, तिथे नवी प्रॉपर्टी कर आणि जुनीला डेप्रिकेटेड (आता वापरू नये) खूण लाव. सीनिअरला विचारल्याशिवाय काही डिलीट करू नकोस.