मदत हवी आहे: ट्रायलचा मेल प्रोग्राम काढला, आता पीडीएफ मेल होत नाही

बिलबुक
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. दुकानाच्या कॉम्प्युटरवर भाच्याने एक नवीन मेल प्रोग्राम ट्रायलवर टाकून दिला होता. मुदत संपल्यावर पैसे मागायला लागला म्हणून अनइन्स्टॉल केला. तेव्हापासून बिलाच्या पीडीएफवर राइट क्लिक करून मेल करायला गेलं की एरर येते. आधी सगळं बिनबोभाट चालत होतं. पूर्वीचाच प्रोग्राम परत डिफॉल्ट करायचाय, बाकी काही नको. महिनाअखेर आहे, पार्ट्यांचे फोन सुरू झालेत. "फॉरमॅट मारा" हा सल्ला कृपया नको.

वायरमन
विंडोज कोणतं? पूर्वीचा प्रोग्राम म्हणजे कोणता? एररमध्ये लिहिलंय काय? पेशंटने "दुखतंय" एवढंच सांगून कसं चालेल?

दुपारचा चहा
सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, ईमेल. तिथे हवा तो निवडा. दोन मिनिटांचं काम, त्याला धागा कशाला?

वायरमन
चहा, तो रस्ता विंडोज १० चा. ११ मध्ये ईमेल असा वेगळा पर्याय दिसत नाही, डिफॉल्ट ॲप्समध्ये वरच्या चौकटीत "मेलटू" टाइप करावं लागतं. म्हणून तर विचारतोय कोणतं विंडोज.

मावशी_ठाणे
मुळात हे प्रोग्राम हवेतच कशाला? क्रोममध्ये जीमेल उघडायचं, क्लिपचं चित्र दाबायचं, पीडीएफ जोडायची, झालं. आमच्या सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल मी असंच सगळ्यांना पाठवते.

बिलबुक
मावशी, सोसायटीचं बिल महिन्यातून एकदा जातं, इथे दिवसभर चालू असतं. शिवाय मेल दुकानाच्या डोमेनवरचा आहे, जीमेल नाही.
विंडोज ११. प्रोग्राम अर्थातच थंडरबर्ड. डिफॉल्ट ॲप्समध्ये मेलटूसमोर थंडरबर्डच दिसतंय. वेबसाइटवरचा ईमेल पत्ता दाबला तर थंडरबर्ड व्यवस्थित उघडतं. पण पीडीएफवर राइट क्लिक, सेंड टू, मेल रेसिपियंट केलं की "देअर इज नो ईमेल प्रोग्राम असोसिएटेड" वगैरे लांबलचक वाक्य येतं.

कडकलक्ष्मी
थंडरबर्ड काढून परत टाका. माझ्याकडे असल्या प्रत्येक दुखण्यावर हाच इलाज लागू पडतो.

वायरमन
"अर्थातच थंडरबर्ड" म्हणे! आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?
असो. आता चित्र स्पष्ट झालं. विंडोजमध्ये डिफॉल्ट मेल ही एक गोष्ट नाही, दोन आहेत. वेबपेजवरचा पत्ता दाबला की मेलटू लागतं. ते सेटिंग्जमधून बदलतं आणि तुमचं ठीक आहे. सेंड टू, किंवा बिलिंगच्या प्रोग्राममधलं ईमेलचं बटण, हे साधारणपणे सिंपल मॅपी नावाच्या जुन्या वाटेने जातं. त्या वाटेवर कोण बसलंय ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, लिहिलेलं असतं. काढलेला प्रोग्राम जाताना आपलं नाव पुसून गेला नसावा.
आधी सोपं करून बघा. थंडरबर्ड, तीन आडव्या रेघा, सेटिंग्ज, जनरल, खाली सिस्टिम इंटिग्रेशन, चेक नाऊ. ईमेलवर टिक करून डिफॉल्ट करा.

जुनाट
एक्सपीबरोबर आउटलुक एक्सप्रेस यायचं, तेव्हा कसली भानगड नव्हती. विंडोज ७ मध्ये मेल प्रोग्राम दिलाच नाही, लाइव्ह मेल वेगळं उतरवून घ्या म्हणाले. मग २०१७ च्या जानेवारीत तेही उतरवणं बंद.

दुपारचा चहा
भानगड नव्हती? एका फोल्डरची डीबीएक्स फाइल २ जीबीच्या घरात गेली की मेल गायब व्हायचे, विसरलात का?

जुनाट
इनबॉक्स साफ ठेवायची सवय असलेल्यांचे नाही व्हायचे. ह. घ्या.

लिनक्सवेडा
लिनक्स मिंट टाका. रजिस्ट्री नावाचा प्रकारच नाही.

बिलबुक
लिनक्सवेडा, बिलिंगचा प्रोग्राम विंडोजवरच चालतो.
वायरमन, चेक नाऊ केलं. टिक आधीपासूनच होती, तरी परत डिफॉल्ट केलं. एरर तीच. कडकलक्ष्मी, काढून परत टाकायचं कालच करून झालंय. मेल सगळे जागेवर राहिले, पण उपयोग शून्य.

सदाफुली
जीमेलची १५ जीबी जागा भरली असेल तर ड्राइव्ह आणि फोटोही त्यातच मोजले जातात. जुने व्हिडिओ उडवा, मेल जायला लागतील.

मावशी_ठाणे
सदाफुली, ते जीमेल वापरतच नाहीत. मीही आधी तेच समजले होते.

वायरमन
मग रजिस्ट्रीच. स्टार्टमध्ये रेजेडिट टाइप करा. दोन ठिकाणी बघायचंय: एचकी करंट युजरखाली सॉफ्टवेअर, क्लायंट्स, मेल. आणि एचकी लोकल मशीनखाली हाच पत्ता. "मेल" फोल्डरवर एकदा क्लिक केलं की उजवीकडे सगळ्यात वर डिफॉल्ट अशी ओळ दिसेल. तिच्यासमोर काय लिहिलंय ते इथे टाका. अजून बदलू नका. आणि त्या मेल फोल्डरवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट आधी करून ठेवा. ती फाइल असली की बदललेलं पुन्हा होतं तसं करता येतं.

कडकलक्ष्मी
दुकानदाराला भर महिनाअखेरीला रजिस्ट्रीत उतरवताय? काही उडलं तर तुम्ही जाणार का दुरुस्त करायला?

वायरमन
म्हणूनच एक्स्पोर्ट आधी सांगितलं, ताई. एका ओळीचा प्रश्न आहे.

बिलबुक
लोकल मशीनमध्ये मोझिला थंडरबर्ड आहे. करंट युजरमध्ये त्या काढलेल्या प्रोग्रामचं नाव तसंच्या तसं बसलंय!

वायरमन
सापडला चोर. त्या ओळीवर डबल क्लिक करा, जुनं नाव पुसून लोकल मशीनमध्ये आहे तसंच लिहा. स्पेलिंग, मधली स्पेस, कॅपिटल अक्षरं, सगळं हुबेहूब. डावीकडे त्याच नावाचा फोल्डर असतो, त्याच्याशी ताडून बघा. मग साइन आउट करून परत या.

बिलबुक
चाललं!! सेंड टू केलं की थंडरबर्डची खिडकी पीडीएफ जोडूनच उघडते. बिलिंगमधलं बटणही चालू झालं. वायरमन, मनापासून आभार. आता बिलं पाठवत बसतो.

मावशी_ठाणे
एवढ्या वेळात जीमेलवरून सगळी बिलं गेली असती हो.

गावकुस
धागा पळवतोय, माफी असावी. माझा लॅपटॉप विंडोज १० चा. विंडोजबरोबर आलेलं मेल ॲप होतं, दुसरं एक टाकलं आणि काढलं. वरचं सगळं करून तेच मेल ॲप परत डिफॉल्ट होईल का?

वायरमन
त्याच्या मागे लागू नका. मायक्रोसॉफ्टने ते मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं. आणि सिंपल मॅपी त्याला कधी कळतच नव्हतं, सेंड टू त्यावरून आधीही चाललं नसणार. काढलं ते कोणतं, आणि मेल कोणाकडचा आहे?