स्वतः बाहेर पडताना खालच्या अकरा जणांना काय सांगायचं?

वहीवाली:

नेटवर्क मार्केटिंग (माल विकायचा, खाली नवी माणसं आणायची आणि त्यांच्या खरेदीवरही कमिशन घ्यायचं) चांगलं की वाईट यावर इथे बरीच भांडणं झाली आहेत, ती पुन्हा नकोत. माझा प्रश्न त्यातल्याच एका कोपऱ्यातला आहे.

मी तीन वर्षं एका कंपनीत आहे. नाव सांगत नाही, नाहीतर चर्चा त्या नावावरच घसरेल. माल बरा आहे, दोन-तीन वस्तू मी सोडल्यावरही वापरेन. माझ्या खाली अकरा जण आहेत. त्यातल्या दोघींना मी स्वतः आणलं, एक आतेबहीण आणि एक ऑफिसातली मैत्रीण. बाकीचे नऊ त्या दोघींनी आणि त्यांच्या माणसांनी आणलेले. त्यातल्या चौघांना मी समोरासमोर कधी पाहिलंसुद्धा नाही, रोज ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग लीडर्स’ तेवढं म्हणते.

मला वही लिहायची सवय आहे. एका बाजूला कमिशन. दुसऱ्या बाजूला महिन्याची खरेदी, मीटिंगचा प्रवास, सेमिनारची तिकिटं, ‘सिस्टिम’च्या नावाखाली घ्यावी लागणारी पुस्तकं आणि ऑडिओ. दर महिन्याला लिहीत होते, पण सगळ्याची बेरीज कधी मारली नव्हती. गेल्या महिन्यात मारली. 36 महिन्यांपैकी 4 महिने मी फायद्यात होते. ते चार कुठले म्हणून बघायला गेले, तर ज्या महिन्यांत माझ्या खाली दोन-तीन जण एकदम जॉइन झाले, नेमके तेच. उरलेल्या महिन्यांत क्लोजिंगच्या, म्हणजे महिन्याचा हिशोब बंद होण्याच्या, आदल्या रात्री मी स्वतःच्याच पैशांनी माल घेऊन पॉइंट, म्हणजे खरेदीवर मिळणारे गुण, पूर्ण करत होते, कारण तेवढे भरले नाहीत तर खालच्यांवरचं कमिशनही हातचं जातं. कॉटखाली इतकी खोकी आहेत की झाडू आत जात नाही.

सोडायचं हे नक्की. पण गुपचूप सोडलं तर ते अकरा जण माझ्या अपलाइनखाली, म्हणजे साखळीत माझ्या वर असलेल्या माणसाखाली, सरकतील आणि गाडी तशीच चालू राहील. सांगून सोडलं तर त्यांचा उत्साह मोडेल, आणि न जाणो, त्यातल्या एखाद्याचं खरंच जमणार असेल. मी फसवलं असं मला म्हणवत नाही, कारण त्यांना आणलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तरी माझ्या चार महिन्यांचा फायदा त्यांच्याच खिशातून आला ना? मी त्यांचं काय देणं लागते?

स्पष्टवक्ता:

काहीही देणं लागत नाही. सगळी जाणती माणसं आहेत, सही स्वतः केली आहे. दुकान टाकणारेही पुष्कळ बुडतात, म्हणून शटर बसवून देणाऱ्याला कोणी धरतं का? मी सहा वर्षं केलं. चार पैसे मिळाले, आणि त्याहून मोठं म्हणजे चारचौघांत उभं राहून बोलायला शिकलो. आधी माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

आणि हे मॉडेल मुळातच लबाडीचं असतं तर 1979 मध्येच निकालात निघालं असतं. अॅमवे या अशाच कंपनीवर अमेरिकेत चार वर्षं प्रकरण चाललं आणि ती पिरॅमिड, म्हणजे नव्या भरतीच्याच पैशांवर चालणारी साखळी, नाही असा निर्णय झाला. तुम्हाला जमलं नाही, ठीक आहे. जाताना दुसऱ्यांच्या पायात पाय घालू नका.

गणितमास्तर:

स्पष्टवक्ता, 1979 चा निर्णय कायम अर्धाच सांगितला जातो. मीटिंगमध्येही अर्धाच सांगायचे, मी स्वतः टाळ्या वाजवल्या आहेत.

फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, ‘पिरॅमिड नाही’ म्हटलं ते कंपनीच्या नियमांच्या जोरावर. न खपलेला माल परत घ्यायचा. घेतलेल्या मालातला किमान 70 टक्के विकलेला असला पाहिजे. आणि महिन्याला निदान दहा वेगवेगळ्या किरकोळ गिऱ्हाइकांना माल गेल्याचं दाखवायचं. त्याच निर्णयात कमाईचे फुगवलेले आकडे सांगू नका आणि वितरकांना किंमत बांधून देऊ नका असंही कंपनीला बजावलं होतं. हे सगळं जमेला धरलं तर तो निर्णय काही प्रशस्तिपत्रक ठरत नाही. पुढे 2016 मध्ये हर्बलाइफ या अशाच कंपनीला 20 कोटी डॉलर भरावे लागले आणि खऱ्या गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीवर मोबदला बसेल अशी रचना करावी लागली. 2019 मध्ये अॅडव्होकेअर या आणखी एका कंपनीने 15 कोटी डॉलर भरले आणि बहुस्तरीय पद्धतच सोडली. भारतातल्या 2021 च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. सगळीकडे कायद्याचा डोळा एकाच जागी असतो: पैसा वापरणाऱ्याकडून येतोय की नव्याने जॉइन होणाऱ्याकडून.

वहीवाली, तुमची अशी दहा गिऱ्हाइकं आहेत का, जी जॉइन न होता नुसता माल घेतात? कॉटखालची खोकी वाचून मला उत्तर कळलं, पण विचारतो.

आता शटरबद्दल. फळ्यावर गोल काढून दाखवतात ते आठवा, सहा जणांनी सहा-सहा आणायचे. तेराव्या पायरीवर 1306 कोटी माणसं लागतात आणि पृथ्वीवर आहेत आठशे कोटींच्या थोडी वर. हे गणित ऐकून लोक हसतात आणि तरी जॉइन होतात, कारण तेराव्या पायरीशी कोणाला काय देणंघेणं? म्हणून मी हल्ली दुसरं गणित सांगतो. सहाचं झाड कितीही उंच वाढवा, पूर्ण भरलेल्या झाडात दर सहातली पाच माणसं सगळ्यात खालच्या ओळीत असतात. सगळे सारखेच हुशार आणि सारखेच कष्टाळू असले तरीही. एक दुकान चाललं म्हणून शेजारची पाच बंद पडायलाच हवीत असा नियम नाही. इथे मात्र वरच्याला ‘वर’ म्हणता यावं यासाठी खालची ओळ लागतेच. ती ओळ गळत राहते, नवी भरती होत राहते, आणि गळलेल्याला सांगितलं जातं की तू कमी पडलास.

आणि वहीबद्दल, शाब्बास. 2024 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी अशा 70 कंपन्यांची कमाईची जाहीर निवेदनं तपासली. निदान 17 कंपन्यांत बहुतेकांना एक छदामही मिळाला नव्हता. बहुतेक निवेदनांत सभासदांचा खर्च धरलेलाच नव्हता. थोडक्यात, तुमच्या वहीचं डावं पान छापायचं आणि उजवं फाडून टाकायचं.

स्पष्टवक्ता:

मास्तर, आकडे मान्य. पण माझी जीभ सुटली ती सुटलीच. ते कुठल्या पानावर लिहायचं?

गणितमास्तर:

डाव्या. खुशाल लिहा. फक्त वक्तृत्वाचा वर्ग म्हणून ती फी तुमच्या मेव्हण्याने भरली असेल तर तेही लिहा :)

एकेकाळची डाउनलाइन:

वहीताई, इथे सगळे वरून बोलतायत, मी खालून बोलते.

माझी अपलाइन माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती एक दिवस ग्रुपमधून ‘लेफ्ट’ झाली. फोन केला तर म्हणाली, तब्येत बरी नसते गं. मी तिच्या वरच्याखाली सरकले आणि आणखी दोन वर्षं ओढलं. त्या दोन वर्षांत मी रोज रात्री एकच हिशोब करायचे, की माझं काय चुकतंय. यादीतली शंभर नावं संपली म्हणून दुसरी यादी केली. नवरा ‘पुरे’ म्हणाला तर तो निगेटिव्ह, कारण मीटिंगमध्ये तसंच शिकवलं होतं. नंतर कळलं की मैत्रीण सोडताना माझ्याहून जास्त खड्ड्यात होती. तिने तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. पैसे गेले त्याचा राग नाही आता. तिने स्वतःचा तोटा माझ्यापासून लपवला, त्याचा आहे. आणि गंमत बघा, मीही माझ्या खालच्यांपासून तोच लपवत होते. लपवला नसता तर कोण आलं असतं?

म्हणून माझ्या मते उत्साह मोडेल वगैरे विचार करू नका. उत्साह तुमचा नव्हताच, तो स्टेजवरून उसना आणलेला होता. ग्रुपवर मोठा मेसेज टाकून निघून जाऊ नका, त्याखाली कोणीतरी लगेच दिव्यांचे आणि फुलांचे फोटो टाकून तो वर सरकवतील. एकेकीला भेटा. उपदेश नको. वही उघडून समोर ठेवा आणि गप्प बसा. माल परत घेण्याची मुदत उरली असेल तर तो अर्ज तुम्ही शेजारी बसून भरून द्या, एकटीने भरायला लाज वाटते.

एक विचारते, राग मानू नका. आणलं तेव्हा माहीत नव्हतं असं तुम्ही लिहिलंय. त्या दोघींना आणलं त्या दिवशी वहीत काय लिहिलेलं होतं?

वहीवाली:

सगळ्यांचे आभार. मास्तर, दहा नाहीत. दोन आहेत, त्यातली एक माझी आई.

ताई, तुमचा प्रश्न वाचून वही काढली. आतेबहीण पाचव्या महिन्यात आली, मैत्रीण आठव्या. मैत्रिणीच्या जॉइनिंगच्या आधी सात पानं भरली होती, सातही तोट्याची, माझ्याच अक्षरात. बेरीज मारली नव्हती हे खरं, पण प्रत्येक पानाखाली वजाबाकी केलेली आहे. तिला मी काय म्हणाले होते तेही आठवतं. ‘आता कुठे सुरुवात आहे, पण दिशा बरोबर आहे.’ हे वाक्य मला अपलाइनने पाठ करून घेतलं होतं. वर मी लिहिलेलं ‘मला हे माहीत नव्हतं’ खोडता आलं असतं तर खोडलं असतं, पण राहू दे.

शनिवारी आतेबहिणीकडे गेले. तिने पानं उलटली, शेवटपर्यंत बघितली, आणि पहिलं काय विचारलं असेल? ‘ताई, तू गेल्यावर मी थेट कोणाच्या खाली येते? माझे पॉइंट वर मोजतील ना?’ मी सांगितलं, माहीत नाही. ती थांबणार आहे. तिला वाटतं मी मेहनत कमी केली. तसंच वाटणार. तिच्या तिसऱ्या महिन्यापासून तिला हे मीच शिकवलंय.

मैत्रिणीला सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. ती सातव्या पानावर थांबली, तारीख बघितली, स्वतःच्या जॉइनिंगची तारीख आठवली. काही बोलली नाही. वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, परतीचा अर्ज कुठे मिळतो ते सांग.

अजून नऊ जण आहेत. ज्या चौघांना कधी भेटले नाही त्यांचे नंबर मैत्रिणीकडून घ्यायचेत. ती देईल की नाही, माहीत नाही.