लेड झेपलिन टू: ‘आरएल’ तबकडी खरंच सरस, की नुसती मोठ्या आवाजाची?

खरखर:
काल मित्राकडे लेड झेपलिन या रॉक बँडच्या ‘लेड झेपलिन टू’ अल्बमचं १९६९चं पहिलं अमेरिकन प्रेसिंग, म्हणजे तबकड्यांची पहिली खेप, ऐकलं. लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीवर ‘आरएल’ कोरलेलं, म्हणजे मास्टरिंग इंजिनिअर रॉबर्ट लडविग यांनी कापलेलं (टेपवरचा आवाज खाचेत उतरवलेलं). माझं ठाम मत झालंय, हा अल्बम ऐकावा तर याच तबकडीवर. ‘होल लोटा लव्ह’मध्ये मधला गोंगाट संपून ड्रम परत येतात ना, तिथे ड्रमर बॉनमची थाप छातीवर बसते. माझी २०१४ची रीमास्टर (मूळ टेपवरून नव्याने तयार केलेली) तबकडी त्यापुढे सौम्य वाटली.

यामागची हकिकतही लडविग यांनीच सांगितलेली आहे. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या अहमेत एर्तेगुन यांच्या मुलीच्या स्वस्तातल्या प्लेअरवर पिन उडायला लागली. बेस जितका मोठा तितकी खाच जास्त वळणं घेते, हलक्या दर्जाची पिन तिथे टिकत नाही. मग कंपनीने आवाज दाबून तबकडी पुन्हा कापून घेतली. चांगलं काम एका खेळण्यापायी बाद झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

समपातळी:
दोन्ही तबकड्या लावताना आवाज सारखा केला होतात का? ‘आरएल’ मुळातच मोठ्या पातळीवर कापलेली आहे. अँप्लिफायरचं बटण तिथेच ठेवून तबकडी बदलली, तर मोठी वाजते तीच चांगली वाटणार. कान असेच फसतात. शिवाय त्या काळच्या जड पिनांनी घासलेल्या प्रती आज लोक चढ्या भावाने विकतात. बँडचा गिटारवादक जिमी पेजने स्वतः देखरेख केलेली २०१४ची तबकडी शांत आहे, आणि ‘रॅम्बल ऑन’मधला जोन्सचा बेस तिच्यात सूर न् सूर कळतो.

खरखर:
नव्हता केला, कबूल. म्हणून आज परत गेलो आणि २०१४चा आवाज कानाने जुळेपर्यंत वाढवला. अंतर कमी झालं, पण मिटलं नाही. थापेची सुरुवात ‘आरएल’मध्ये अजूनही जास्त टोकदार आहे.

कोरी पट्टी:
एक गैरसमज आधीच दूर करते. ‘होल लोटा लव्ह’मध्ये शेवटाकडे गायक प्लांटच्या ओळीआधी त्याचाच पुसट आवाज येतो, त्यावरून कुणी प्रेसिंगला दोष देऊ नये. तो मूळ टेपवरच होता. पेज आणि साउंड इंजिनिअर एडी क्रेमर यांना पुसता येईना, म्हणून त्यांनी त्यावर घुमारा चढवला. सगळ्या प्रेसिंगमध्ये तो ऐकू येणारच.

समपातळी:
बरोबर. खरखर, थापेचं म्हणणं मी उडवून लावत नाही, पण तुम्ही पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं ऐकताय. बाहेरच्या कडेला खाचेला सगळ्यात जास्त लांबी मिळते, तिथे सगळंच छान वाजतं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं ‘ब्रिंग इट ऑन होम’ लावा. लेबलाजवळ, घासलेल्या खाचेत, प्लांटचा आवाज फाटतो का बघा.

खरखर:
रविवारी लावतो. फाटला तर इथेच लिहीन.