मदत हवी आहे: मागून विमान रस्त्यावर उतरत असेल तर गाडी चालवणाऱ्याने काय करायचं?

नमस्कार मंडळी,

म्हापशाजवळ माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. लायसन्ससाठी येणारी पोरं तर असतातच, शिवाय मोटारसायकल पायलट (गोव्यात दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारे) आणि टॅक्सीवाल्यांसाठी मी अधूनमधून रस्ता सुरक्षेचा वर्ग घेतो. येत्या रविवारच्या वर्गासाठी मदत हवी आहे, आणि ती विमानातलं कळणाऱ्या माणसांकडून हवी आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये फ्लोरिडात कोको शहराजवळ दोन इंजिनांचं एक छोटं बीचक्राफ्ट विमान संध्याकाळच्या वाहतुकीत हायवेवर उतरलं आणि पुढे चाललेल्या एका कारवर मागून आदळलं. कारमधल्या बाई किरकोळ जखमांवर निभावल्या, विमानातले दोघेही वाचले. तो व्हिडिओ आमच्याकडे टॅक्सी स्टँडवर प्रत्येकाच्या फोनवर फिरला. सगळे बोलतात ते वैमानिकाबद्दल. माझ्या डोक्यातून मात्र त्या बाई जात नाहीत. आपल्या लेनमधून सरळ गाडी चालवणाऱ्या माणसावर आभाळातून विमान येतं! वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, त्यांच्या जागी आपण असतो तर काय करायचं?" त्याला मी उगाच काहीतरी ठोकून देणार नाही. म्हणून इथे विचारतोय.

वाचून जे हाती लागलं ते आधी मांडतो. सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं छोटं विमान, म्हणून तेच धरू. इंजिन बंद पडलं तरी ते धपकन खाली येत नाही, तरंगत येतं. एक फूट खाली उतरताना साधारण नऊ फूट पुढे सरकतं. म्हणजे जमिनीपासून ३००० फुटांवर इंजिन गेलं तर वारा नसताना पल्ला आठेक किलोमीटर आणि हातात जेमतेम चार मिनिटं. १००० फुटांवर गेलं तर पावणेतीन किलोमीटर आणि सव्वा मिनिट. एवढ्यात जागा निवडायची, वारा बघायचा, इंजिन पुन्हा चालू होतंय का पाहायचं, रेडिओवर तीनदा 'मेडे' ही संकटाची हाक द्यायची. त्या माणसाला खालून रस्ता दिसला तर तो त्याला किती जवळचा वाटत असेल, हे मला समजतं.

पण पंखांची लांबी ११ मीटर आहे. आपली लेन साडेतीन मीटरची. चौपदरी रस्त्याच्या एका बाजूला दोन लेन, म्हणजे ७ मीटर. उरलेला पंख कुठे जाणार? दुभाजकावरच्या दिव्यांच्या खांबांवर, नाहीतर कडेच्या झाडांवर. धारगळपासून कोलवाळच्या पुलापर्यंत माझं रोजचं जाणं-येणं. हल्ली माझी नजर सारखी खांब, फलकांच्या कमानी आणि रस्ता ओलांडणाऱ्या वीजतारांवर जाते. शिवाय आपल्या ६६ नंबरच्या हायवेवर अमेरिकेसारखी फक्त मोटारींची रांग नसते. स्कूटरवर मागे पोराला घेतलेली आई असते, पाव घेऊन निघालेला पोदेर असतो, पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून डांबरावर येऊन बसलेली गुरं असतात.

आपल्या देशात असं होत नाही, असंही नाही. २३ जानेवारी २०२० ला गाझियाबादजवळ ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेसवेवर एनसीसीचं दोन आसनी विमान उतरवावं लागलं. पंखाचं नुकसान झालं, आतले दोघे सुखरूप. (बाडमेरच्या हायवेवर हवाई दलाची विमानं उतरतात ती गोष्ट वेगळी. ती पट्टी मुद्दाम बांधलेली आहे आणि आधी वाहतूक बंद करतात. कृपया ते व्हिडिओ इथे टाकू नका.) आपल्याच वेर्ण्याला १६ नोव्हेंबर २०१९ ला नौदलाचं मिग-२९के पडलं. दाबोळीहून उडाल्यावर पक्ष्यांचा थवा आडवा आला. दोन्ही वैमानिकांनी ते वस्तीपासून दूर नेलं आणि मग ते बाहेर पडले. लढाऊ विमानात उडून बाहेर पडणारी खुर्ची असते. सेसनात ती नसते, वैमानिक शेवटपर्यंत आतच.

आता कोणीतरी म्हणेल, गोव्यात एवढा मोठा किनारा असताना रस्ता कशाला? तर पोर्तुगालमध्ये कापारिकाच्या किनाऱ्यावर २ ऑगस्ट २०१७ ला सेसना १५२ उतरलं. वैमानिक वाचले, पण वाळूवरचा एक माणूस आणि आठ वर्षांची एक मुलगी गेली. अमेरिकेत हिल्टन हेडच्या किनाऱ्यावर मार्च २०१० मध्ये कानात इअरफोन घालून धावणारा माणूस मागून आलेल्या विमानाखाली सापडला. डिसेंबरातलं कळंगुट आठवा आणि सांगा, तिथे मोकळी वाळू कुठे आहे?

तर मला हे हवंय. मागून विमान येतंय हे चालकाला कळायची काही खूण आहे का? दिसलंच तर ब्रेक मारायचा, पुढे पळायचं की बाजूला घ्यायचं? दुचाकीवाल्याने काय करायचं? आणि विमान थांबल्यावर लोक धावत जाणार, कारण आपली माणसं धावतातच, तर त्यांना काय सांगू?

उंचीवरून:
सर, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणाहून विचारलात. मी मूळ डिचोलीचा, सध्या घाटावर विमान शिकवतो.

आधी आमच्या बाजूचं. आम्ही विद्यार्थ्याला रस्ता पहिला शिकवत नाही. आधी मोकळं शेत, पठार, पडीक जमीन, आणि काहीच नसेल तर रस्ता. वीजतारा वरून दिसत नाहीत. आम्ही खांब शोधायला शिकवतो आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालतो. गोव्यात पंचाईत ऋतूची आहे. वायंगण (उन्हाळी भात) कापून झाल्यावर सुकं शेत चांगलं, पण सरदाच्या (पावसाळी भाताच्या) चिखलात पुढचं चाक रुतलं की विमान उलटं होतं. सडा, म्हणजे कातळाचं पठार, वरून सपाट दिसतो, जवळ गेल्यावर जांभा आणि चिऱ्यांच्या खाणी. म्हणून इथे एखाद्याने रस्ता निवडला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

आता तुमचं उत्तर. आवाजावर विसंबू नका. इंजिन बंद म्हणजे विमान जवळजवळ मुकं. तुम्ही काचा वर करून एसी लावून बसलेले. आरशातही आपण मागची गाडी बघतो, आभाळ नाही. तरी मागचे चालक अचानक बाजूला पांगताना दिसले, हॉर्न वाजवू लागले किंवा गाडीवरून मोठी सावली सरकली तर समजा.

आणि हे वर्गात ठासून सांगा: टेकायच्या आधी वैमानिक नाक वर उचलतो. त्या दोन-चार सेकंदांत समोर खाली काय आहे ते त्याला दिसत नाही. तुमची कार नेमकी तिथे असेल तर ती त्याच्यासाठी नाहीच. इंजिन नाही, त्यामुळे पुन्हा वर उचलूनही घेता येत नाही.

म्हणून विमान मागे असेल तर कचकन ब्रेक नको. तो वाहतुकीच्याच दिशेने उतरायला बघतो, कारण तुम्ही ८० ने चालला आहात आणि तो ११० ने येतोय तर फरक फक्त ३० चा. समोरासमोर झालं तर १९०. तुम्ही जागीच थांबलात तर तो ३० चा फरक ११० होतो. लेन बदलू नका, वेग टिकवा, पुढे मोकळं असेल तर थोडा वाढवा. सर्व्हिस रोडला किंवा बाहेर पडायला वाट असेल तर ती घ्या. विमान डोक्यावरून पुढे गेलं की मात्र उलट: चारही इंडिकेटर लावून हळूहळू वेग कमी करा आणि बरंच मागे थांबा. कोरड्या धावपट्टीवर ब्रेक दाबून धरले तरी सेसना १७२ टेकल्यापासून थांबायला पावणेदोनशे मीटर घेतं.

दुचाकीवाल्याने डावीकडे घेत सरळ रस्ता सोडावा, गटाराच्या पलीकडे जाऊन खाली बसावं. सेसनाचा पंख वर असतो, पण फ्लोरिडातल्या बीचक्राफ्टसारख्यांचा खाली असतो, तो माणसाच्या अंगावरच येईल.

बंबवाला काका:
अग्निशमन दलातून निवृत्त झालो. विमान थांबल्यानंतरचं मी सांगतो.

पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरायचा थांबला म्हणून त्याला हात लावायचा नाही. त्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटोची, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, तिला बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो बंद केला नसेल तर पंखा हाताने हलला तरी इंजिन एखादा फेरा मारू शकतं, आणि तो फेरा हात तोडायला पुरेसा आहे. जायचंच तर मागून, बाजूने. पुढून कधीच नाही. इंधन पंखांतच असतं, सेसना १७२ मध्ये २०० लिटरच्या आसपास. पंख फुटला असेल तर ते डांबरावर पसरलेलं असणार. विडी-सिगारेट नको, गाडी चालू ठेवून जवळ उभी करायची नाही.

सिरस नावाची विमानं असतात, त्यांत पूर्ण विमानाला पॅराशूट असतं आणि ते रॉकेटने सुटतं. छत्री उघडलेली नसेल तर ते रॉकेट आत जिवंत आहे. मागच्या काचेमागच्या भागावर कोणी चढायचं नाही, कापाकापी करायची नाही. ते दलाच्या माणसांवर सोडा.

११२ ला फोन करताना "अपघात झाला" एवढंच सांगू नका. "विमान रस्त्यावर उतरलंय, कुठल्या बाजूला, आत किती माणसं" असं सांगा. आतल्या माणसाला बाहेर काढायला किंवा आग विझवायला हात लावला तर हरकत नाही, पण रस्ता मोकळा करायचा म्हणून विमान ढकलून कडेला नेऊ नका. चौकशीसाठी ते जसंच्या तसं राहावं असा कायदा आहे. आठवण म्हणून तुकडा उचलणारे तर असतातच, त्यांना तिथेच दटावा.

बसचालक_पेडणे:
आणि आम्ही बसवाल्यांनी? चाळीस माणसं मागे असतात, बाजूला घ्या म्हणणं सोपं.

उंचीवरून:
दादा, तुमच्या उंचीमुळे तुम्ही वैमानिकाला लांबून दिसता. बस दिसली की तो ती जागा टाळायला बघतो, म्हणून तुम्ही तर वेग आणि रेषा अजिबात मोडू नका. विमान तुमच्या पुढे थांबलं तर तुमच्याइतकं कामाचं वाहन तिथे दुसरं नाही. शंभरेक मीटर मागे बस दोन्ही लेन अडवून तिरकी उभी करा, दिवे चालू ठेवा, प्रवाशांना कडेच्या बाजूने उतरवून लांब न्या. उतरलेल्या विमानापेक्षा त्याच्यावर मागून येऊन धडकणाऱ्या ट्रकची मला जास्त भीती वाटते.

(मूळ धागाकर्ता):
तिघांचेही मनापासून आभार. काका, पंख्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या वर्गातले निम्मे तरी पंख्याला धरूनच फोटो काढायला उभे राहिले असते. बसचा मुद्दा पेडण्याच्या स्टँडवर जाऊन मी स्वतः सांगेन.

एक राहिलं. रात्री असं झालं तर हेडलाइट बंद करायचे का? एकाने वर्गात तसं सुचवलं होतं, वैमानिकाचे डोळे दिपू नयेत म्हणून.

उंचीवरून:
अजिबात नाही. रात्री खाली शेत, पाणी, माड सगळं एकच काळं. त्याला दिसते ती फक्त तुमच्या दिव्यांची रांग. रस्ता कुठे वळतो आणि दोन गाड्यांमध्ये किती जागा आहे हे तो त्यावरूनच ओळखतो. लो बीम चालू ठेवा, चारही इंडिकेटर लावा. दिवा बंद केलेली गाडी त्याला मोकळा रस्ता वाटेल.

(मूळ धागाकर्ता):
लिहून घेतलं. कोणाकडे वरच्या आणि खालच्या पंखाच्या विमानांची साधी रेखाचित्रं असतील, पंखा, टाक्या आणि दरवाजे मराठीत दाखवलेली, तर शनिवारपर्यंत इथे टाका. प्रिंट काढून वर्गात लावतो.